बायको हवी आहे, पण कुणाला? पत्नीवरच्या अपेक्षांविषयीचं स्त्रीवादी लेखन वाचायला शिकताना

पत्नीकडून काय काय अपेक्षा असतात, यावरचा एखादा स्त्रीवादी लेख नवख्या वाचकाच्या हाती दिला की बहुतेक वेळा दोनच उद्गार ऐकू येतात. ‘अगदी खरंय’ किंवा ‘अति होतंय’. दोन्हींत लेख राहतो बाजूला आणि वाचणाऱ्याचं आधीचंच मत पुन्हा त्याच्यासमोर येऊन बसतं. मीही बरीच वर्षं असंच वाचलं. लेखिका किती चिडलीय ते पाहायचं आणि त्यावरून लेख पटला की नाही ते ठरवायचं. मग एकदा नीट बसून पाहिलं तेव्हा लक्षात आलं, की यातले बरेचसे टिकून राहिलेले लेख चिडलेले दिसतच नाहीत. कुणी लाडात येऊन मागण्या करतंय, कुणी कौतुक करतंय, कुणी खलिता लिहावा तशी थंडपणे कलमं मांडतंय. चिडायचं काम वाचकाकडे सोपवलेलं असतं.

ते कसं सोपवतात, हे ओळखण्याची ही पद्धत आहे. एक लेख, एक पेन्सिल आणि दीडेक तास एवढं पुरतं. अलंकारशास्त्र यायची गरज नाही. शाळेत व्याजस्तुती आणि चेतनगुणोक्ती घोकली असेल, तर ती इथे अचानक कामाला येईल, एवढंच.

पायरी 1: छोटा लेख निवडा आणि मोठ्याने वाचा

सुरुवात जाड ग्रंथाने करू नका. दोनतीन पानांचा, एका बैठकीत संपणारा लेख घ्या. मी नवख्यांना नेहमी ज्युडी ब्रॅडी यांचा ‘आय वाँट अ वाइफ’ सुचवते. ‘मला बायको हवी’ असं त्याचं सरळ मराठी होईल. अमेरिकेत स्त्रियांना मताधिकार मिळाल्याला 50 वर्षं झाली, त्या दिवशी, 26 ऑगस्ट 1970 रोजी, सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी तो लोकांसमोर वाचून दाखवला. पुढच्या वर्षाच्या शेवटी ‘मिझ’ या नव्या नियतकालिकाचा नमुना अंक ‘न्यूयॉर्क’ साप्ताहिकात घालून निघाला, त्यात तो छापला गेला. लेखिकेचं नाव तेव्हा ज्युडी सायफर्स असं होतं. म्हणजे बायकोपणावरचा हा लेख नवऱ्याच्या आडनावाने प्रसिद्ध झाला. लेखाच्या आत यावर एक अक्षर नाही, पण मला तो तपशील विसरता येत नाही.

हा लेख कानासाठी लिहिलेला आहे, म्हणून मोठ्याने वाचायचा. डोळ्यांनी वाचताना ‘मला बायको हवी’ हे वाक्य पाचव्यांदा आलं की नजर त्यावरून घसरते. तोंडाने म्हणावं लागलं की घसरता येत नाही. दहाव्यांदा म्हणताना आपलाच आवाज थोडा हट्टी, थोडा बालिश व्हायला लागतो. पुनरुक्ती नेमकं काय करते, हे कुणी समजावून सांगण्यापेक्षा असं घशातून कळलेलं बरं.

पायरी 2: बोलतंय कोण, ते ठरवा

पुढच्या सगळ्या पायऱ्या हिच्यावर उभ्या आहेत, तेव्हा इथे घाई नको. लेखातली ‘मी’ आणि लेख लिहिणारी बाई या दोघी वेगळ्या असू शकतात. समासात एकच प्रश्न लिहा: हे वाक्य नेहमी कुणाच्या तोंडी असतं?

ब्रॅडींचा लेख सुरू होतो तो अगदी साधेपणाने. मी बायको या वर्गात मोडते, आई पण आहे, असं निवेदिका सांगते. मग तिच्या ओळखीच्या एका पुरुषाची गोष्ट येते. त्याचा नुकताच घटस्फोट झालाय, एक मूल आहे, ते ‘अर्थातच’ आधीच्या बायकोकडे असतं, आणि तो आता नवी बायको शोधतोय. एका संध्याकाळी इस्त्री करता करता निवेदिकेच्या मनात येतं, की मलाही एक बायको हवी. इथून पुढे ‘मी’ बदलते. शरीर बाईचं आणि मागण्या नवऱ्याच्या. मला पुन्हा शिकायचंय, तेव्हा माझी बायको नोकरी करून मला शिकवेल. मुलांच्या डॉक्टरच्या वेळा लक्षात ठेवेल, माझ्याही ठेवेल. आपल्या कामाच्या कटकटी माझ्यापाशी काढणार नाही, पण मला अभ्यासातलं काही अवघड मोकळेपणाने बोलायचं असेल तेव्हा ऐकून घेईल.

आता एक प्रयोग करा. यातलं कुठलंही वाक्य घ्या आणि ते बोलणारा एखादा सर्वसाधारण नवरा आहे असं धरा. वाक्य इतकं नेहमीचं होतं, की त्यावर लेख लिहावा असं कुणालाच वाटणार नाही. तेच बाईच्या तोंडी आलं की आगाऊ वाटतं, हास्यास्पद वाटतं. वाक्य तेच, फक्त तोंड बदललं. मग हास्यास्पद काय होतं, मागणी की बाईने ती करणं? लेखात हा प्रश्न कुठेही लिहिलेला नाही. तो वाचकाच्या डोक्यात उमटावा म्हणून बाकीचा सगळा लेख लिहिलाय.

नवखे लोक हमखास इथे अडखळतात. एका वाचनगटात एका सभासदाने अगदी मनापासून विचारलं होतं, ‘म्हणजे हिला मोलकरीण हवी आहे का?’ बाकीचे हसले. पण प्रश्न वाईट नव्हता. त्याने लेखातली ‘मी’ आणि लेखिका एक धरली होती, इतकंच. आणि एकदा ते धरलं, की लेख खरोखर एका स्वार्थी बाईची यादी होऊन बसतो.

या लेखातली आणखी एक बारीक गोष्ट. इंग्रजीत ‘ती’ असं सर्वनाम वापरण्याची जागा जिथे जिथे येते, तिथे ब्रॅडी पुन्हा ‘माझी बायको’ असंच लिहितात. माझी बायको कामावर असताना मुलांना सांभाळायची व्यवस्था माझी बायको करेल, आणि त्याचे पैसेही देईल. वाक्य मुद्दाम अवघडलेलं आहे. त्यामुळे बायको ही व्यक्ती उरत नाही, ते पद होतं. एक माणूस गेला की दुसरा नेमायचा. आणि लेखाच्या शेवटाकडे ते होतंच: अधिक योग्य कुणी भेटलं तर आत्ताच्या बायकोला बदलण्याची मोकळीक मला हवी, आणि अर्थात मुलांना तीच घेऊन जाईल. आठवा, सुरुवातीच्या त्या घटस्फोटित ओळखीच्या माणसाचं मूल कुठे होतं ते.

मराठीत हा लेख आणणाऱ्याची इथे पंचाईत होते. आपल्याकडे क्रियापदच लिंग बोलून दाखवतं. ‘करणारी’, ‘ऐकणारी’, ‘दमलेली’ म्हटलं की ती आलीच वाक्यात, सर्वनाम गाळून भागत नाही. भाषांतर वाचत असाल तर अनुवादकाने यातून काय वाट काढलीय तेवढं बघून ठेवा.

पायरी 3: यादीतली क्रियापदं मोजा आणि क्रम पाहा

पत्नीवरच्या लेखनात यादी फार येते, आणि यादी आली की वाचक पुढे उडी मारतो. असं करू नका. बायकोच्या वाट्याला आलेल्या क्रियापदांखाली सरळ रेघ ओढा, ‘मी’च्या वाट्याला आलेल्यांखाली नागमोडी. ब्रॅडींच्या लेखात सरळ रेघांची गर्दी होते: धुणं, इस्त्री, दुरुस्ती, बदलून आणणं, लक्षात ठेवणं, टंकलेखन करून देणं. नागमोडी रेघा मोजक्या आणि त्याही हवं असणं, वाटणं, शिकणं, बोलणं अशा. पानाकडे लांबून नुसतं पाहिलं तरी लेखाचं म्हणणं दिसतं.

मग क्रम. चांगली यादी जिन्यासारखी असते. पहिल्या पायऱ्या इतक्या उथळ की चढतोय हे कळू नये. मुलांच्या पाठीमागे आवरणारी बायको हवी. यावर कोण हरकत घेणार? लगेच पुढचं: माझ्या पाठीमागे आवरणारी बायको हवी. एकाच क्रियापदात मूल गेलं आणि मोठा माणूस त्याच्या जागी येऊन बसला. पुढे पाहुण्यांची सरबराई येते, मग शरीरसंबंध, मग एकनिष्ठतेची अट फक्त तिच्यावर. शेवटची मागणी पहिल्याच ओळीत आली असती तर वाचकाने कागद खाली ठेवला असता. आता तो ठेवू शकत नाही, कारण आधीच्या प्रत्येक पायरीवर त्याने मान डोलावलेली आहे.

पायरी 4: उपरोधाची खूण ‘अर्थातच’मध्ये शोधा

उपरोध कसा ओळखायचा, असं विचारलं की लोक ‘सुरावरून’ असं म्हणतात. सूर कागदावर कुठे असतो? तो बहुतेक वेळा छोट्या, निरुपद्रवी शब्दांत असतो. अर्थातच, साहजिकच, एवढं तर चालेल, बिचारा, त्यात काय. ब्रॅडींकडे मूल आजारी असताना बायकोला कामावरून रजा घ्यावी लागते, तिचा पगार थोडा कापला जातो. त्यावर निवेदिका उदारपणे म्हणते, की एवढं मी सहन करू शकेन. कापला गेला तिचा पगार, सहन करणार मी. या एका वाक्यासाठी मी सगळा लेख पुन्हा वाचू शकते.

अशा शब्दांभोवती गोल करा. एका पानावर चारपाच गोल पडले की समजा, पान उलटं धरून वाचायचं आहे.

उपरोधाचीच एक गोड बहीण म्हणजे व्याजस्तुती, वरून स्तुती आणि आतून निंदा. तिचा सगळ्यात देखणा नमुना व्हर्जिनिया वुल्फ यांच्या 21 जानेवारी 1931च्या भाषणात सापडतो. नोकरी-व्यवसायात शिरणाऱ्या स्त्रियांच्या संस्थेपुढे त्या बोलत होत्या. व्हिक्टोरियन काळात कॉव्हेंट्री पॅटमोर या कवीने आदर्श पत्नीवर एक लांबलचक कविता लिहिली होती, ‘द एंजल इन द हाउस’, घरातली देवदूत. वुल्फ तीच देवदूत उचलतात आणि तिचं कौतुक सुरू करतात. किती सहृदय, किती निःस्वार्थी. मग दोन तपशील देतात. जेवायला कोंबडी असेल तर ती तंगडी घेते. खोलीत गार वाऱ्याचा झोत येत असेल तर ती त्या झोतातच बसते. ‘त्याग’ हा शब्द वापरून जे होत नाही ते हे दोन तपशील करतात: त्याग इतका रोजचा, इतका क्षुल्लक, की हसू यावं आणि हसता हसता घशात अडकावं.

पुढे ही देवदूत लेखिकेच्या खांद्यामागे येऊन उभी राहते आणि कुजबुजते, की पुरुषाच्या पुस्तकावर लिहिते आहेस, जरा गोड लिही. वुल्फ तिच्यावर शाईची दौत फेकतात. ही चेतनगुणोक्ती आहे, म्हणजे अमूर्त गोष्टीला जिवंत माणूस करणं, पण तिच्यामागे हिशेब आहे. ‘समाजाचा दबाव’ असं म्हटलं असतं तर त्याला दौत फेकून मारता आली नसती. देवदूताला मारता येतं, आणि ती सहजासहजी मरत नाही हेही सांगता येतं.

पायरी 5: कर्ता कुठे गेला ते विचारा

ही पायरी पुस्तकांत फारशी सापडत नाही, पण मराठी वाचकाला सगळ्यात जास्त हाती लागतं ते इथे.

‘स्वयंपाक झाला.’ ‘कपडे वाळले.’ ‘घर आवरून झालं.’ ‘मुलं वेळेवर झोपली.’ ही वाक्यं व्याकरणाने बिनचूक आहेत आणि एकातही काम करणारी नाही. पाऊस पडावा तसा स्वयंपाक होतो. आपण दिवसभर असंच बोलतो, त्यात कुणाचा कट नाही. पण स्त्रीवादी लेखन वाचताना लेखिका अशा वाक्यांचं काय करते यावर लक्ष ठेवा. कधी ती कर्ता परत आणते: ‘तिने केला.’ कधी उलट, मुद्दाम पानभर कर्त्याविना वाक्यं लिहिते आणि शेवटी एक दिवस काहीच ‘होत’ नाही. दोन्ही वाटा चालतात. दुसरी मला जास्त आवडते.

याच घराण्यातलं दुसरं रूप म्हणजे ‘असतं’. ‘बायकोने जरा नमतं घ्यायचं असतं.’ ‘संसारात सांभाळून घ्यायचं असतं.’ असतं म्हणजे कुठे असतं? कुणी ठरवलं? वाक्य नियम सांगतं, आणि नियम करणाऱ्याला दाराआड उभं करतं. सूर्य पूर्वेला उगवतो याच्याच पंक्तीत ते जाऊन बसतं. तिसरं रूप, ‘लागतं’. ‘त्यांना सगळं जागच्या जागी लागतं.’ इथे नवरा काही मागतसुद्धा नाही, त्याला फक्त लागतं. मागितलं असतं तर नाही म्हणता आलं असतं.

आणि ‘मदत’. ‘तो घरात खूप मदत करतो’ या वाक्यात कौतुक आहे खरं, पण मदत ही नेहमी दुसऱ्याच्या कामात होते. म्हणजे काम कुणाचं ते वाक्याने आधीच ठरवून टाकलं. चांगली लेखिका यावर व्याख्यान देत नाही. ती हे वाक्य फिरवून ठेवते: ‘ती घरात खूप मदत करते.’ आणि पुढे जाते.

सरावासाठी घरातलंच दहा मिनिटांचं बोलणं आठवून लिहून काढा. ‘झालं’, ‘असतं’, ‘लागतं’, ‘मदत’ यांच्याखाली रेघा मारा आणि प्रत्येक वाक्यात कर्ता घालून बघा. काही वाक्यं भांडण वाटायला लागतील. जिथे वाटतील, तिथे लेखाचा विषय आहे.

पायरी 6: नाव कुठे बदललंय, रूप कुठून उसनं आणलंय

या दोन युक्त्या पटकन ओळखता येतात.

नाव बदलणं म्हणजे सवयीच्या गोष्टीला अनोळखी शब्द लावणं. ‘वेजेस अगेन्स्ट हाउसवर्क’ या 1975च्या पुस्तिकेत सिल्व्हिया फेडरीची या लेखिका सुरुवातीलाच सांगतात, की ते ज्याला प्रेम म्हणतात त्याला आम्ही बिनपगारी काम म्हणतो. सगळा वाद एका शब्दाच्या अदलाबदलीत आला. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी 1989मध्ये नोकरी करून घरी आलेल्या बाईच्या संध्याकाळीला ‘दुसरी पाळी’, म्हणजे दुसरी शिफ्ट, म्हटलं. पाळी म्हटली की तास आले, हजेरी आली, आणि ती किती चालते हा प्रश्न विचारता आला. उलट बेटी फ्रीडन यांनी 1963मध्ये ‘द फेमिनिन मिस्टिक’ या पुस्तकात गृहिणींच्या घुसमटीला ‘नाव नसलेली समस्या’ म्हटलं. नाव नाही हेच नाव.

रूप उसनं घेणं त्याहून जुनं आहे. जुलै 1848मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या सेनेका फॉल्स इथे भरलेल्या स्त्रीहक्क परिषदेने जो जाहीरनामा काढला, तो अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या साच्यावर बेतलेला होता. मूळ मजकुरात इंग्लंडच्या राजाच्या जुलमांची यादी आहे. इथे राजाच्या जागी पुरुष आला. विवाहित स्त्रीला त्याने कायद्याच्या नजरेत मृत केलं आहे, असं त्यातलं एक कलम. 68 स्त्रियांनी आणि 32 पुरुषांनी त्यावर सह्या केल्या. ज्या मजकुरावर वाचकाची श्रद्धा, त्याच्याच चालीवर बोलल्यावर तो ‘हे काय भलतंच’ असं कसं म्हणेल? म्हणाला, तर आधी मूळ मजकुराला म्हणावं लागेल.

पॅट मैनार्डी यांनी 1970मध्ये शब्दकोशाचं रूप घेतलं. घरकाम वाटून घ्यायचं ठरल्यावर नवरा जी जी वाक्यं बोलतो ती एका खाली एक दिली, आणि प्रत्येकाखाली त्याचा खरा अर्थ. मला हे काम तुझ्याइतकं चांगलं जमत नाही, ज्याला जे जमतं ते त्याने करावं, अशा धर्तीची वाक्यं. हा प्रकार करायला सोपा दिसतो आणि हाताबाहेर लवकर जातो. आठदहा वाक्यांनंतर वाचकाला अर्थ आधीच कळायला लागतो.

पायरी 7: आता उघडा राग वाचा

इतका वेळ थंड लेखन पाहिलं. म्हणून ताराबाई शिंदे मुद्दाम उशिरा घ्यायच्या, नाहीतर बाकीचं सगळं फिकं वाटतं.

‘स्त्रीपुरुष तुलना’ 1882मध्ये पुण्यात छापलं गेलं. लेखिका बुलढाण्याच्या, सत्यशोधक घरातल्या. निमित्त होतं सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेचं. भ्रूणहत्येच्या आरोपाखाली तिला आधी फाशीची आणि अपिलानंतर काळ्या पाण्याची शिक्षा झाली, आणि वर्तमानपत्रांतून एकूण स्त्रीजातीवरच शेरेबाजी सुरू झाली. ताराबाईंनी उत्तर दिलं. जोतीराव फुल्यांनी 1885मध्ये ‘सत्सार’ या आपल्या पुस्तिकेतून त्यांची बाजू घेतली. पुढे पुस्तक विस्मरणात गेलं, ते स. गं. मालशे यांनी 1975मध्ये पुन्हा उजेडात आणलं.

हे वाचताना तीन जागी थांबा. पहिली प्रस्तावना. तिथे ताराबाई स्वतःला मंदबुद्धीची, घराच्या कैदेत अडकलेली अबला म्हणवतात, भाषा ओबडधोबड असेल तर गोड मानून घ्या म्हणतात. हा विनय खरा मानू नका, आणि नुसता शिष्टाचारही मानू नका. बायकांना अक्कल नाही म्हणणाऱ्यांच्याच शब्दांत त्या दार वाजवतात. आत गेल्यावर काय होतं ते पुढची पानं सांगतात.

दुसरी जागा म्हणजे शीर्षकातला ‘तुलना’ हा शब्द. पुरुषांनी बायकांना चिकटवलेले दोष त्या एकेक करून हातात घेतात आणि विचारतात, की हा दोष तुमच्यात नाही का? दोष नाकारत बसल्या असत्या तर बचाव करावा लागला असता. तुलना केली की आरोप करणाराच पिंजऱ्यात उभा राहतो. पतिव्रताधर्माचंही तसंच. नवरा कसाही वागला तरी त्याला देव मानायचं, हाच का धर्म? मग पुरुषाने बायकोशी कसं वागायचं याचा धर्म कुठे आहे?

तिसरी जागा, संबोधन. त्या पुरुषांविषयी लिहीत नाहीत, पुरुषांशी बोलतात. एकामागून एक प्रश्न, श्वास न घेता, अस्सल घरगुती मराठीत. मोठ्याने वाचा म्हणून वर सांगितलं, ते इथे सगळ्यात जास्त लागू आहे.

मग राग कधी दाखवायचा आणि कधी झाकायचा? माझं निरीक्षण असं, की मागण्या जोवर ‘साहजिक’ वाटतात तोवर थंड लेखन जास्त काम करतं, कारण आधी त्या दिसायला हव्यात. समोरचा उघड चिखलफेक करत असेल, तेव्हा थंडपणा भेकडपणा वाटू शकतो. ताराबाईंसमोर दुसरी परिस्थिती होती.

पायरी 8: लेखाची उलटतपासणी घ्या

युक्ती कळली म्हणून लेख बरोबर ठरत नाही. ‘पत्नी’ म्हणजे नेमकी कोण, हे विचारा. कृष्णवर्णीय अमेरिकन लेखिका बेल हुक्स यांनी 1984मध्ये फ्रीडन यांच्याबद्दल हाच प्रश्न केला. घुसमटलेली ती गृहिणी शिकलेली, सुस्थितीतली, गोरी होती. ती करिअर करायला बाहेर पडली तर तिचं घर आणि मुलं कोण सांभाळणार, याचा विचार पुस्तकात नव्हता. दुसऱ्यांच्या घरी राबून आपल्या घरी पुन्हा राबणारी बाई ‘मला बायको हवी’ हे वाक्य कसं ऐकेल? काही जणी खळखळून हसतील. काहींना ते दुसऱ्याच कुणाच्या घरातलं भांडण वाटेल.

आकडे आले तर तेही अलंकारच समजून तपासा. भारत सरकारच्या 2024च्या वेळवापर सर्वेक्षणात घरच्यांसाठी केलेल्या बिनपगारी घरकामाचे दिवसाचे 289 मिनिटं स्त्रियांच्या नावावर आहेत आणि 88 पुरुषांच्या. 2019मध्ये हेच आकडे 299 आणि 97 होते. लेखात हे वाचलं की लगेच वाटतं, चला, पुरुष सव्वा-दीड तास तरी करतात. पण ही सरासरी त्या दिवशी घरकाम केलेल्यांचीच आहे. ज्यांनी काडी इकडची तिकडे केली नाही, ते हिशेबातच नाहीत. लेखक ही तळटीप सांगतो की गिळतो, यावरून त्याच्यावर किती विसंबायचं ते ठरवा.

पायरी 9: एक पान स्वतः लिहा

वाचलेलं हातात उतरलं की नाही ते लिहिल्यावरच कळतं. साधा विषय घ्या: चार दिवस घरी नसलेली बायको. पहिला खर्डा सगळ्यांचा साधारण असाच होतो:

‘स्त्री ही घराचा कणा असते. तिच्या श्रमांना कुणी किंमत देत नाही. ती दिवसरात्र राबते, पण तिला कृतज्ञतेचा एक शब्दही मिळत नाही.’

यात चूक काही नाही आणि दिसतही काही नाही. वाचकाला करायला कामच ठेवलेलं नाही, रागही आपणच करून टाकला. आता एक रूप उसनं घेऊ. नोकरीत रजेवर जाताना कामाचा ताबा देण्याची टिपण लिहितात, तसं:

‘रजेचा काळ: चार दिवस. धाकट्याचं औषध रात्री साडेआठला. तो घेतलं म्हणतो, बाटली पाहावी. मोठीच्या शाळेच्या सूचना माझ्याच फोनवर येतात, कारण फॉर्मवर एकच नंबर मागितला होता. तुमच्या आईंना संध्याकाळी फोन. आधी गुडघ्याचं विचारावं, मग आपलं सांगावं. तुमचा आवाज ऐकून त्या आधी घाबरतील, सगळं ठीक आहे असं लगेच सांगावं. मोरीचा नळ पूर्ण बंद करून पुन्हा किंचित उलटा फिरवावा लागतो, नाहीतर रात्रभर ठिबकतो.’

नीट पाहिलं तर यात तक्रार नाही. पहिल्या दोन ओळी कुठल्याही घरातल्या आहेत, तो जिन्याचा तळ. शाळेच्या फॉर्मची ओळ ‘कारण’ देऊन मोकळी होते. त्या एका नंबरच्या जागी कुणाचा लिहायचा हे कसं ठरलं, ते वाचकावर. आईच्या फोनमध्ये जरा रेंगाळले, कारण मुलाचा आवाज ऐकून आई घाबरते याहून जास्त मला काही सांगायचं नव्हतं. ‘तुमच्या’ आणि ‘तुमचा’ हे दोनच शब्द टिपण कुणासाठी आहे ते सांगतात.

खर्डा झाला की तीन गोष्टी तपासा. विशेषणं खोडा, ‘कष्टाळू’, ‘सोशिक’ यांनी लेख लगेच सत्काराचं मानपत्र होतो. नवऱ्याला राक्षस केलं असेल तर त्याला माणूस करा, कारण राक्षस वाचून प्रत्येक वाचक ‘मी असा नाही’ म्हणत सुटतो. मग शेवटचं वाक्य झाकून पान वाचा. माझ्या टिपणात नळानंतर आणखी एक ओळ होती: ‘हे सगळं इतकी वर्षं माझ्या डोक्यात होतं.’ ती लिहिताना मला फार बरं वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी खोडली. आता टिपण नळापाशी संपतं.